मधल्या वाटेवरचं बाकडं

सार्वजनिक जागी एखादं बाकडं बसवावं, असा विचार कुणाच्या मनात आलाच तर त्यानं मुकाट घरी जावं आणि पांघरूण घेऊन झोपावं. झोप येत नसेल तर माळ्यावरचे डबे काढून पुसावेत. बायको खूश होते आणि समाजाचंही काही बिघडत नाही. मी हे करायला हवं होतं. त्याऐवजी मी बाकडं बसवायला गेलो, आणि तेव्हापासून आमच्या पिंपळमळ्यात माझं बाळासाहेब हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलं आहे. कारेगावच्या एका कंपनीत मी स्टोअरकीपर आहे, कडक इस्त्रीचा निळा शर्ट घालून कामावर जातो. पण सकाळी कंपनीच्या बसला हात केला की आतून आवाज येतो, "थांबवा, बाकडेवाले आले."

मुळात गोष्ट एवढीशी होती. पिंपळमळा हे शिरूरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं गाव. एका टोकाला जुनं गावठाण, दुसऱ्या टोकाला आमची नवी कॉलनी. कॉलनीत माझ्याकडे माझे वडील राहतात, पोपटराव, म्हणजे आमचे आप्पा. गावठाणात त्यांचे मित्र शेखलाल मिस्त्री राहतात, धाकट्या मुलाकडे, रिजवानकडे. शेखलालचाचांनी उभ्या हयातीत आसपासच्या गावांतली ऑइल इंजिनं दुरुस्त केली, आणि त्या वेळी शेजारी उभं राहून "आसं न्हाई, तसं कर" म्हणायचं काम आप्पांनी केलं. एवढ्या भांडवलावर दोघांची जन्माची दोस्ती झाली. आता आप्पांना दम लागतो आणि चाचांचे गुडघे धरतात. दोघं आपापल्या घरून निघाले तर कसेबसे निम्म्या वाटेपर्यंत पोचतात. पण निम्म्या वाटेत बसायला काही नाही.

पूर्वी होतं. चिंच होती, तिच्या वर आलेल्या मुळ्या होत्या. मोरीचा कठडा होता. शिंप्याच्या दुकानापुढची फळी होती. रस्ता रुंद झाला तेव्हा चिंच गेली, मोरी बुजली, फळी तर शिंप्यासकट गेली. गावानं पेढे वाटले. आता म्हातारी माणसं कुठं टेकणार, हा प्रश्न तेव्हा कुणाला सुचला नाही. मलाही नाही, कारण कंपनीची बस लवकर पोचायला लागली यातच मला आनंद होता.

"मग स्कूटरवरून सोडत जा की वडलांना," असं तुम्ही म्हणाल. सगळेच म्हणतात. मी सोडलं. आप्पा मागं बसले, चाचांच्या दारात उतरले, आणि संध्याकाळी मला म्हणाले, "तूच न्यायचं, तूच आणायचं. ही काय भेट झाली व्हय? हे तर दुधाचं क्यान झालं." शिवाय त्यांचा एक नियम आहे. रोज उठून दुसऱ्याच्या दारात जाऊन बसायचं नसतं, कारण आपण बसलो की त्या घरच्या सुनेला चहा ठेवावा लागतो. रिजवानची बायको निखत बिचारी म्हणायची, "आप्पा, चहाचं काय येवढं?" पण तिला असं म्हणावं लागलं, हाच आप्पांच्या लेखी ओझ्याचा पुरावा. आमच्या घराबद्दल चाचांचाही नेमका तोच नियम. त्यामुळे दोन सभ्य माणसं आपापल्या घरात बसून एकमेकांची वाट बघत होती.

त्यात चाचांचा थोरला मुलगा अफताब दौंडहून आला. तो रेल्वेत आहे, तिकडं त्यानं नवं घर बांधलंय. बापाकडे बघून म्हणाला, "अब्बा दिसभर भिंतीकडं तोंड करून बसत्यात. ना बोलणं, ना जेवणं. पोरांना दिवाळीची सुट्टी लागली की मी जीप घिऊन येतो आन् ह्यांना दौंडला नेतो. तिकडं घरात पोरं हायती, वर्दळ हाय." चाचा त्यावर इतकंच म्हणाले, "पोपटा रोज भेटला तर मी हितंच बरा हाय. न्हाई तर ने, कुठंबी ने."

हे आप्पांच्या कानावर आलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मला समोर उभं करून म्हणाले, "बाळासो, निम्म्या वाटंत येक बाकडं टाक. शेखलाल दौंडला गेला तर मी कुणासंगं बोलायचं? तुझ्यासंगं?"

यात माझा अपमान होता, पण म्हणणं खरं होतं. आप्पांच्या बरोबरीची सगळी माणसं गेली होती, हा एक राहिला होता. दिवाळीला अवकाश होता. एक बाकडं, त्यात काय, असं मी म्हणालो. माणसाला खड्ड्यात घालणारे शब्द आपल्या भाषेत पुष्कळ आहेत, पण 'त्यात काय' यांच्या पंगतीला बसेल असं दुसरं काही मला अजून सापडलेलं नाही.

ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांना आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. भाऊसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "कुणाच्या स्मरणार्थ?"

"स्मरणार्थ नाही हो. बसण्यासाठी."

"बसतीलच की लोक. पण कुणाच्या?"

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. पंचायतीच्या खर्चात दिव्याला खातं आहे, गटाराला आहे, डासांच्या पावडरीला आहे, बाकड्याला नाही. बाकडी दानातून येतात, आणि दान कुणीतरी गेल्याशिवाय येत नाही. गावात देवळापुढं, शाळेपुढं आणि स्मशानात जी काही बाकडी आहेत त्या सगळ्यांच्या पाठीवर 'कै.' आहे, हे मी तोवर कधी नीट पाहिलंच नव्हतं. म्हणजे पिंपळमळ्यात एका म्हाताऱ्याला टेकायचं असेल तर आधी दुसऱ्या म्हाताऱ्यानं मरावं लागतं. मी म्हणालो, "मग माझ्या नावानं घ्या. मी देतो."

भाऊसाहेबांनी पेन खाली ठेवलं. "साहेब, तब्येत बरी हाय ना? जित्या माणसाच्या नावाचं बाकडं कुणी घालतं व्हय?"

"वडलांच्या नावानं?"

"ते हायत ना अजून?"

"आहेत की."

"मग थांबा थोडं," भाऊसाहेब म्हणाले. अगदी सहज म्हणाले, बसचा टाइम सांगावा तसं.

मी तोंड पाडून घरी आलो. पण पंचायतीच्या दारात बसणाऱ्या मंडळींनी आतलं अर्धं ऐकलं होतं. बाळासाहेब आप्पांच्या नावाचं बाकडं करतोय, एवढं त्यांना पुरेसं होतं. बाकडं म्हणजे आप्पा गेले. बातमी एसटीनं गेली की दुधाच्या गाडीनं, कोण जाणे, पण वरवंडला आप्पांची चुलतबहीण धुरपदा आत्या राहते, तिच्यापर्यंत पोचली. दुसऱ्या दिवशी सकाळी जीपभर बायका घेऊन ती आली, आणि रीतीप्रमाणे कॉलनीच्या कोपऱ्यापासूनच तिनं गळा काढला. आप्पा व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. रडणं ऐकून त्यांनी हात झटकले, टोपी नीट केली आणि गंभीरपणे उठून विचारलं, "धुरपदे, कोण गेलं गं?"

"तुम्हीच की वो दादाऽऽ," आत्यानं सूर न सोडता सांगितलं, आणि मग पदर बाजूला करून पाहिलं.

मग आत्या जी चिडली! "आवं मग कळवायचं तरी, गेला न्हाई म्हणून! कामंधामं टाकून, जीप करून आलो आमी!" आप्पांनीही काहीशा ओशाळ्या चेहऱ्यानं "चुकलंच" म्हटलं. माझी बायको तेजश्री हिनं जेवायला थांबवून घेतलं. आता दुखवट्याला आलेल्या माणसांनी गोड खायचं नसतं, पण कुणी गेलंच नसेल तर चालतं का, यावर जीपमधल्या बायकांची चर्चा झाली. चालतं, असं ठरलं. शिरा दोनदा करावा लागला. त्या दिवसापासून तेजश्री बाकडं हा शब्द माझ्यासमोर एका विशिष्ट आवाजात उच्चारते.

तरी मार्ग तिनंच सुचवला. म्हणाली, "सासूबाईंच्या नावानं करा की. त्यांना जाऊन इतकी वर्षं झाली." मला पटलं. माझ्या आईचं नाव साळूबाई. पण आप्पांना विचारलं तर ते शेंगांची टरफलं गोळा करायला लागले. मग म्हणाले, "साळू जलमभर कवा टेकली न्हाई. जेवाया बसली तरी येक गुडघा वर, कुणी काय मागितलं तर उठाया बरं म्हणून. आन् आता गावानं तिच्या नावाला पाठ लावून आरामात बसायचं? मला न्हाई बघवणार." आईला स्वस्थ बसलेलं मीही कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि बाकडं पुन्हा पोरकं झालं.

चाचांकडे कुणाचं नाव मिळतं का पाहिलं. ते म्हणाले, "आमच्यात दान करायचं तर नाव सांगायचं नसतं, बाळासो. सांगितलं की वाया गेलं." मला ही कल्पना फारच आवडली. बिननावाचं बाकडं घ्या म्हणून भाऊसाहेबांना सांगितलं. भाऊसाहेब म्हणाले की बिननावाची वस्तू रस्त्यात दिसली तर तिला बेवारशी माल म्हणतात आणि तिचा पंचनामा करावा लागतो.

इथवर माझं दुःख खाजगी होतं. ते सार्वजनिक केलं फराटे साहेबांनी. फराटे साहेब आमच्या कॉलनीत राहतात, शेती खात्यातून रिटायर झालेत, आणि कुठलीही गोष्ट योजना झाल्याशिवाय त्यांना खरी वाटत नाही. त्यांच्याकडे पाहुणे आले तरी ते टप्प्याटप्प्यानं येतात. त्यांनी मला गेटवर अडवलं. "बाळासाहेब, हे साल कुठलं?"

"नव्व्याण्णव."

"युनोनं हे ज्येष्ठांचं आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केलंय. सगळं जग ज्येष्ठांचा विचार करतंय आणि तुम्ही एक बाकडं मागत फिरताय? एकात्मिक मागा!"

"काय मागू?"

"एकात्मिक."

एकात्मिक म्हणजे सगळं एका छताखाली. रक्तदाब, डोळे, गुडघे, दात, पेन्शनीसाठी हयातीचा दाखला, वाचनालय, भजन, आणि हो, बाकडी. साहेबांचं म्हणणं असं की आज म्हाताऱ्या माणसाला डोळ्यांसाठी शिरूर, हाडांसाठी दौंड आणि दाखल्यासाठी आणखी तिसरीकडे जावं लागतं, म्हणजे म्हातारपणी जेवढी पायपीट होते तेवढी तरुणपणी होत नाही. यात चुकीचं काही नव्हतं, हीच पंचाईत होती. चुकीच्या माणसाला नाही म्हणता येतं. बरोबर असलेल्या माणसापुढं आपण हो हो करत जातो आणि मग मीटिंग आपल्याच घरात होते.

मीटिंग आमच्याच घरात झाली. कॉलनीतले आणि गावठाणातले म्हातारे जमले. चहा झाला. फराटे साहेबांनी प्रत्येकाला आपली गरज मांडायला सांगितलं. एकानं कॅरम मागितला, एकानं सुनेला समज द्यायची व्यवस्था मागितली. सोजराबाई म्हणून आमच्यामागं एकट्या राहतात, भाजी विकून पोट भरतात. त्यांची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "मला रस्त्याकडंला लघवीची सोय पायजे. बाकी काय नगं. बाजाराच्या दिशी मी सकाळपून पाणीच पीत न्हाई." सगळ्या पुरुषांनी एकदम पंख्याकडे पाहिलं. फराटे साहेबांनी 'स्वच्छता' असा शब्द लिहून घेतला आणि पुढच्या माणसाकडे वळले. त्या सबंध मीटिंगमध्ये शहाणपणाचं तेवढं एकच वाक्य झालं होतं, पण मीही पंख्याकडेच बघत होतो.

मग या एकात्मिक ज्येष्ठ सेवा केंद्राच्या जागेसाठी ऑफिसांच्या फेऱ्या माझ्या गळ्यात आल्या, कारण मूळ मागणी माझी. एका ऑफिसात सांगितलं, रस्ता आमचा, गटार पंचायतीचं, मधली पट्टी कुणाची ते मोजणीशिवाय सांगता येणार नाही. मोजणीवाले म्हणाले, आधी पट्टी कुणाची ते सांगा, म्हणजे अर्ज कुणी करायचा ते कळेल. माझ्या रजा संपत आल्या. कंपनीत मॅनेजरनं आपुलकीनं विचारलं, "फादर ठीक नाहीत का?" मी म्हणालो, "ठीक आहेत सर. बाकडं नाही." त्यानंतर त्यांनी मला काही दिवस जड काम दिलं नाही.

केंद्राला मंजुरी हवी तर आधी गरज सिद्ध झाली पाहिजे, आणि गरज सिद्ध करायला शिबिर घेतलं पाहिजे, असं फराटे साहेबांनी काढलं. 'एकात्मिक ज्येष्ठ सेवा शिबिर' असा कापडी फलक शाळेच्या पटांगणावर लागला. सगळं एका छताखाली होतं हे कबूल केलं पाहिजे. छत मांडववाल्याचं होतं. रक्तदाबाची एक रांग, डोळ्यांची एक, हाडांची एक. तिन्ही तपासायचं तर तीनदा उभं राहायचं. खुर्च्या मागवल्या होत्या, पण पाहुणे, त्यांचे कार्यकर्ते आणि कार्यकर्त्यांच्या ओळखीचे लोक एवढे आले की म्हाताऱ्यांना खुर्ची उरली नाही. म्हातारे उभे आणि त्यांच्याविषयी तळमळ असणारे बसलेले, अशी भाषणं झाली.

आप्पा आणि चाचा मात्र कितीतरी दिवसांनी भेटले होते. रांगेत एकमेकांचा खांदा धरून उभे होते आणि कुठल्याशा इंजिनावरून भांडत होते. दोघांचे चेहरे बघून मला वाटलं, एकात्मिक गेलं चुलीत, हे एवढं जमलं तरी पुष्कळ. हाडांच्या डॉक्टरांनी चाचांचे गुडघे दाबून पाहिले. "रोज चालायचं. पण एका दमात नाही. मधे मधे बसत चालायचं." रक्तदाबाच्या डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं, "दम लागला की लगेच बसायचं."

"कुठं बसू, डॉक्टरसाहेब?" आप्पांनी विचारलं.

"कुठंही बसा. रस्त्यात एखादं बाकडं असेल की."

मी मागं बिस्किटांचे पुडे घेऊन उभा होतो. दोघंही म्हातारे वळले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात माइकवर पंचायतीचे सदस्य शंकरराव उभे राहिले. त्यांचे वडील दगडोबा वर्षापूर्वी वारले होते. शंकरराव गहिवरून म्हणाले की ज्येष्ठांची ही गैरसोय आपल्याला पाहवत नाही, तरी आपले वडील कै. दगडोबा यांच्या स्मरणार्थ मधल्या वाटेवर एक सिमेंटचं बाकडं आपण आजच जाहीर करत आहोत. टाळ्यांचा कडकडाट झाला. पट्टी कुणाची हा प्रश्न त्या क्षणी मिटला. मी तर हातातले पुडे बगलेत धरून टाळ्या वाजवत होतो. मग माझं लक्ष आप्पांकडे गेलं आणि माझे हात तिथंच थांबले.

दगडोबा हे नाव आमच्या घरात घेत नाहीत. फार वर्षांपूर्वी दूध संस्थेच्या निवडणुकीत आप्पा एका मतानं पडले. आदल्या संध्याकाळी दगडोबा आमच्याकडे मटण जेवून गेले होते, तेही दोनदा रस्सा मागून. ते एक मत त्यांचंच फिरलं, असा आप्पांचा निकाल. दगडोबा मरेपर्यंत शपथा घेत होते की मत पोपटालाच दिलं म्हणून. आप्पांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच. मयतीला गेले, पण लांब उभे राहिले. चाचांनी दोघांचं जुळवायला किती खटपट केली असेल, पण व्यर्थ.

घरी आल्यावर मी आप्पांना समजावायला बसलो. "आप्पा, सिमेंटचं बाकडं आहे हो ते."

"नाव त्याचं हाय."

"नावाकडं बघायचंच नाही."

"जित्तेपणी त्याच्या मांडीला मांडी लावली न्हाई, आन् आता पाठ लावू? मटण माझं, शिक्का दुसऱ्याला, आन् वर बाकडंबी त्याचंच?" आप्पांनी तोंड फिरवलं. "शेखलाल बसंल. मी हुबा ऱ्हाईन."

बाकडं आलं. दिवाळीच्या आधी आलं, हे शंकररावांचे उपकार. नाव दोन्ही अंगांनी कोरलं होतं, लाल अक्षरात, पण बाकडं बसवलं होतं गटाराकडे तोंड आणि रस्त्याकडे पाठ करून. बसलं की पाय गटारात. मी भीतभीत शंकररावांना दाखवलं. ते म्हणाले, "बसणाऱ्याला रस्ता बघून काय करायचंय? रस्त्यानं जाणाऱ्याला नाव दिसलं पायजे." नारळ फुटला, पेढे झाले. मग बाकडं फिरवून द्या म्हणून मी भाऊसाहेबांकडे गेलो, तर उद्घाटन झालेली वस्तू ठराव केल्याशिवाय हलवता येत नाही, असं कळलं. शेवटी रिजवाननं चार मित्र जमवले आणि पहाटे ते उचलून गरकन फिरवून ठेवलं. शंकररावांना आठवडाभर पत्ता नव्हता. लागला तेव्हा नाव तसंच दिसतंय म्हणून ते गप्प बसले.

आणि आप्पा बसेनात. रोज काठी टेकत तिथवर जायचे, बाकड्यापासून हातभर लांब उभे राहायचे, धापा टाकायचे आणि परत यायचे. चाचा एकदोनदा आले. पण मित्र उभा असताना आपण कसं बसायचं, म्हणून तेही उभेच राहिले, आणि दुसऱ्या दिवशी गुडघे सुजले म्हणून यायचे बंद झाले. इतक्या खटाटोपानंतर गावात एक बाकडं होतं, दोन म्हातारे होते, आणि कुणीच कशावर बसलेलं नव्हतं. मी थकलो होतो. मला राग यायचासुद्धा कंटाळा आला होता.

शाळांना सुट्टी लागली आणि अफताब जीप घेऊन आला. चाचांची वळकटी, ट्रंक, औषधांची पिशवी जीपमध्ये चढली. चाचा अफताबला म्हणाले, "बाकड्यापत्तुर मी चालत येतो. तिथनं बसतो जीपमधी." निखतचा हात धरून ते हळूहळू आले. आप्पा आधीच येऊन उभे होते, शेजारी मी. चाचांनी एकदा आप्पांकडे पाहिलं, एकदा बाकड्याकडे, आणि "या अल्ला" म्हणत ते बसले.

"बस की पोपटा."

"हितं बरा हाय मी."

"दम लागलाय तुला."

"न्हाई लागला," आप्पा म्हणाले, पण ते सांगायलाही त्यांना तीनदा श्वास घ्यावा लागला.

चाचा रस्त्याकडे बघत राहिले. एक उसाची गाडी गेली, एक एसटी गेली. मग म्हणाले, "दौंडला बाकडी लय हायती. टेसनात तर रांगच लागलीया. बसंन मी तिथं. पर माझ्यावर रुसाया तिथं कोण हाय रं?"

'जाऊ नको' असं आमच्या घराण्यात कुणी कुणाला म्हणत नाही. मीही कधी म्हटलेलं नाही. मला रडू यायला लागलं म्हणून मी चष्मा पुसायला काढला. आप्पा पुढं झाले. बाकड्याच्या पाठीवरच्या लाल अक्षरांपाशी थांबले आणि काठीनं त्यावर दोनदा टकटक केलं.

"सरक रं दगडोबा," ते म्हणाले. "मत कुणालाबी दिलं आसंल. मला दम लागलाय."

आणि बसले. पाठ टेकली. चाचांनी त्यांच्या मांडीवर हात ठेवला. मग आप्पांनी गुडघ्याला कुठलं तेल लावतोस म्हणून विचारलं, चाचांनी सांगितलं, आप्पा म्हणाले ते चुकीचं आहे, आणि बोलणं सुरू झालं. अफताबनं एकदा हॉर्न वाजवला. पुन्हा वाजवला. कुणी मान वळवली नाही. त्यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, बापाकडे बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं जीपमधली वळकटी खांद्यावर घेतली आणि गावठाणाकडे परत चालायला लागला. निखत पदरानं डोळे पुसत औषधांची पिशवी घेऊन त्याच्यामागं गेली.

बाकड्याच्या कडेला थोडी जागा होती, तिथं मी अलगद टेकलो. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा टेकलो. बोलण्याच्या भरातच आप्पांनी माझ्याकडे पाहिलं.

"बाळासो, ऊठ तू," ते म्हणाले. "हे म्हाताऱ्यांसाठी हाय. कुणी आलं तर?"

मी उठलो.